घरच्या घरी टू-डी ॲनिमेशन: आधी सतरा चित्रांचा एक चेंडू

डोक्यात पाच मिनिटांची गोष्ट तयार आहे, पात्रं दोन. चित्रकला बऱ्यापैकी. कामावरून आल्यावर रोज तासभर मिळतो. पेन टॅबलेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) कोणता घेऊ, सॉफ्टवेअर कोणतं शिकू, आणि पस्तिशीत सुरुवात करतोय म्हणजे फार उशीर झालाय का? तुमचा प्रश्न एवढाच. पण जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: "तीन महिने नुसते तुलनेचे व्हिडिओ बघतोय, अजून एक रेघही हललेली नाही."

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या वाक्यात आहे. मी एकोणीस वर्षं हे काम करतोय. पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या दोन चित्रांमधली चित्रं भरण्यात गेली, मग स्वतःचे शॉट मिळायला लागले, आता घरूनच काम करतो आणि थोडंफार शिकवतो. हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सतत येत असतो, आणि घोडं दरवेळी एकाच जागी पेंड खातं. ती जागा टॅबलेट नाही, सॉफ्टवेअरही नाही. पहिलं काम केवढं असावं याचा अंदाज चुकलेला असतो.

हिशेब करून बघू. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या २४ स्थिर चौकटी असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. धंद्यात याला 'टूज'वर काढणं म्हणतात. तुमची गोष्ट पाच मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे ३६०० चित्रं. एका कच्च्या चित्राला दहा मिनिटं धरली, आणि नवख्या हाताला ती कमीच आहेत, तर ६०० तास होतात. रोज एक तास म्हणजे वीस महिने. तेही एकाच पात्राचे, नुसत्या पेन्सिलच्या रेघांचे. साफ रेघ, रंग, मागची दृश्यं, आवाज हे सगळं वेगळं. प्रत्यक्षात सगळं पात्र सगळा वेळ हलत नाही, कुठे नुसती पापणी लवते, त्यामुळे आकडा खाली येतो. पण कितीही खाली आणला तरी ते पहिलं काम होऊ शकत नाही. मनाला हे आधीच कळलेलं असतं, म्हणून ते तुलनेच्या व्हिडिओंत दडून बसतं.

गोष्ट टाकून द्या असं म्हणत नाही. ती वहीत लिहून ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता 'ते अवलंबून आहे' हा भाग, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. तुम्हाला स्टुडिओत नोकरी हवी असेल तर प्रत्येक फ्रेम हाताने काढण्याचा सराव आणि शरीररचनेचा अभ्यास टाळता येत नाही. बोलकी पात्रं घेऊन नेटवर दर आठवड्याला काही टाकायचं असेल तर कट-आउट पद्धत बरी: पात्राचे हात, पाय, डोकं वेगवेगळं काढायचं, सांध्यांवर जोडायचं आणि कळसूत्री बाहुलीसारखं हलवायचं. एकदा बाहुली तयार झाली की काम भराभर होतं, पण ती करायला वेळ जातो आणि पात्र पाठमोरं वळायचं म्हटलं की पंचाईत. आणि केवळ हौस असेल तर कागद-पेन्सिल आणि फोन पुरतो. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही तिसऱ्या गटातले आहात आणि पहिल्या गटाकडे डोळा आहे, असं धरून चालतो. तिन्ही वाटांची सुरुवात मात्र एकच आहे, आणि ती पहिल्या आठवड्यात एक नवी वस्तू न घेता करता येते.

साधनांचं पटकन उरकतो. संगणक असेल तर पेन्सिल-टू-डी किंवा क्रिटा, दोन्ही फुकट आहेत. पेन्सिल-टू-डी अगदी साधं, तासाभरात कळतं. क्रिटात ब्रश सुंदर आहेत, पण ते सगळ्या फ्रेम संगणकाच्या रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे पडद्यावरचा कागद १९२० बाय १०८० पिक्सेलचाच ठेवा. हौसेने त्याच्या दुप्पट घ्याल तर जुना संगणक धापा टाकायला लागेल. ओपनटून्झ २०१६ पासून मोफत मिळतंय आणि खरोखर ताकदीचं आहे, पण पहिल्याच दिवशी उघडलंत तर बटणांच्या जंगलात हरवाल. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमधल्या ग्रीस पेन्सिल या चित्र काढायच्या सोयीचंही तेच. फोन किंवा टॅब असेल तर फ्लिपाक्लिप हे ॲप चालेल. यातलं कुठलंही घ्या. बघायच्या गोष्टी दोनच: फ्रेमची पट्टी दिसते का, आणि मागचं-पुढचं चित्र फिकट होऊन खाली दिसतं का. या दुसऱ्या सोयीला ऑनियन स्किन म्हणतात आणि तिच्याशिवाय काम होत नाही. पेन टॅबलेट घ्यायचाच झाला तर बिनपडद्याचा, छोटा पुरे. हात खाली आणि नजर वर, याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर आपलीच रेघ परक्याची वाटते, घाबरू नका.

मी स्वतः मात्र नव्या माणसाला कागदावर बसवतो. कागदाला बटणं नसतात, शिकणं लांबवायला निमित्त उरत नाही.

व्यवस्था साधी. साधे ए-४ कागद, दोन भोकं पाडणारं पंच मशीन, पुठ्ठ्यावर पक्के चिकटवलेले त्याच अंतरावरचे दोन खुंट. भोकं कागदाच्या खालच्या लांब कडेला पाडायची, म्हणजे वरून कागद बोटांत धरून चाळता येतात. हे खुंट फार महत्त्वाचे. दर वेळी कागद तसूभरही सरकला तर चेंडू हलण्याऐवजी सगळं जग थरथरतं. खालून उजेड हवा असेल तर काचेखाली दिवा ठेवा, नाहीतर दिवसा खिडकीच्या काचेवर कागद धरा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात नंबर घाला. हे लिहायला मी विसरलो असतो, तर तुम्हीही विसरला असता, आणि एक दिवस गठ्ठा खाली पडला असता.

आता चेंडू. 'चेंडूचा सराव' सगळेच सांगतात, आणि नवखे सगळेच तो पोरखेळ म्हणून अर्ध्या तासात गुंडाळतात. म्हणून मी आकड्यांसकट सांगतो.

कागद आडवा. खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर जमिनीची रेघ. चेंडू दोन सेंटिमीटर व्यासाचा. चेंडूचा तळ जमिनीपासून किती वर आहे, ते दर चित्रात असं ठेवा, सेंटिमीटरमध्ये:

१६, १५, १२, ७, ०, ५, ८, ९, ८, ५, ०, ३, ४, ३, ०, १, ०.

सतरा चित्रं. प्रत्येक चित्रात चेंडू आधीच्यापेक्षा दीड सेंटिमीटर उजवीकडे. बस्स. चित्रांचे फोटो क्रमाने सॉफ्टवेअरमध्ये घेऊन टूज धरून चालवलंत तर दीड सेकंदही भरत नाही.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. सोडलेली वस्तू सारख्या वेळात सारखं अंतर कापत नाही. पहिल्या टप्प्यात एक भाग, मग तीन, मग पाच, मग सात, असं विषम आकड्यांनी अंतर वाढत जातं. हे गॅलिलिओने दाखवून दिलं होतं. १६ मधून १, ३, ५, ७ वजा करत जा, वरची यादी मिळेल. वर जाताना तेच उलट्या क्रमाने. म्हणून उडीच्या शेंड्यावर चित्रं दाटीने येतात, जमिनीजवळ विरळ होतात. आणि उड्यांच्या उंचीही बघा: १६, ९, ४, १. चार चित्रांत खाली, मग तीन वर आणि तीन खाली, मग दोन-दोन, मग एक-एक. उंची आणि वेळ दोन्ही बरोबरीने घटतात. नवख्यांच्या चेंडूत उंची घटते, पण प्रत्येक उडीला वेळ तेवढाच लागतो, आणि शेवटच्या बुटक्या उड्या चंद्रावर मारल्यासारख्या वाटतात.

हे झालं की मुद्दाम एक चूक करा. पहिल्या पाच चित्रांचे आकडे १६, १२, ८, ४, ० असे सारखे ठेवा आणि चालवून बघा. तेच पाच कागद, तोच वेळ. चेंडू पडणार नाही, लिफ्टमधून उतरेल. चित्रं सुबक होती, एकही रेघ वाकडी नव्हती, तरी वजन गेलं. वजन चित्रात नव्हतंच, दोन चित्रांच्या मधल्या अंतरात होतं. या अंतराला स्पेसिंग म्हणतात. शिकायचं आहे ते हे, आणि हे कुठल्याही टॅबलेटबरोबर डब्यात येत नाही.

दुसरा प्रयोग. बरोबर आकड्यांची सतरा चित्रं घ्या आणि प्रत्येक चित्र दोनऐवजी चार फ्रेम धरा. आता पहिलं पडणं एक तृतीयांश सेकंदाऐवजी दोन तृतीयांश सेकंदाचं झालं. खऱ्या जगात एक तृतीयांश सेकंदात वस्तू साधारण अर्धा मीटर पडते, दोन तृतीयांशात दोन मीटरच्या वर. डोळा हे गणित मांडत नाही, पण त्याला ते पाठ आहे. तोच दोन सेंटिमीटरचा गोळा एकदम मोठा आणि लांबवरचा वाटायला लागतो, किंवा फुग्यासारखा हलका. मग एकेक फ्रेम धरून चालवा, ती टेबलावर टाकलेली गोटी होईल. याला टाइमिंग म्हणतात. एक रेघ न बदलता तुम्ही तीन वेगवेगळ्या वस्तू केल्यात. मला अजूनही यात मजा वाटते.

त्यानंतरच चेंडू चपटा करायचा. पाचव्या आणि अकराव्या चित्रात, जमिनीला टेकल्यावर, तो थोडा बसका आणि तेवढाच रुंद करा. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रात, वेग असताना, थोडा लांबट. उंची कमी केली की रुंदी वाढलीच पाहिजे, नाहीतर चेंडू लहान-मोठा होतोय असं वाटतं. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे हवेतच, चौथ्या चित्रात, चेंडू चपटा करणं. जमीन यायच्या आधीच त्याला लागलं! पंधराव्या आणि सतराव्या चित्रात काही करू नका, तिथे वेगच उरलेला नसतो.

चित्रं फोनवर घेणार असाल तर फोन स्टँडला करकचून बांधा, फोकस आणि उजेड लॉक करा, पडदे ओढून दिवा लावा. मी पहिली सत्तर चित्रं खिडकीपाशी बसून टिपली होती. रेघा ठीक होत्या, पण बाहेर ढग येत-जात होते, आणि सगळा सिनेमा दिव्याची वात फडफडावी तसा फडफडला. शिवाय दर तीन-चार फ्रेमला माझ्याच खांद्याची सावली.

चेंडूनंतर काय, याचा क्रम माझ्यापुरता ठरलेला आहे. जड चेंडू, मग शेपटीचा चेंडू: पुढे उड्या मारणारा गोळा आणि त्यामागे ओढली जाणारी खारीसारखी शेपूट. गोळा थांबला तरी शेपूट थांबत नाही, ती पुढे येऊन आपटते आणि मग निवते. केस, पदर, टोपीचा गोंडा, सगळं या एका सरावात येतं. मग अर्धवट भरलेलं पोतं. त्याला तोंड नाही, हात नाहीत, नुसते चार कोपरे आहेत. त्याला उडी मारायला लावा. उडीच्या आधी ते खाली दबलं नाही तर उडी पटत नाही. ही आधीची उलटी हालचाल प्रेक्षकाला 'आता काहीतरी होणार' असं सांगते. तोंड नसलेलं पोतं घाबरलंय की खूष आहे हे कळायला लागलं, की माणूस काढायला हरकत नाही. मग डोकं वळवणं आणि पापणी लवणं. चालणं सर्वात शेवटी. ते सोपं वाटतं आणि सगळ्यांना तिथूनच सुरू करायचं असतं. साधारण चालीत एका पावलाला १२ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदात दोन पावलं. टाच टेकणं, शरीर खाली दबणं, एक पाय दुसऱ्याच्या बाजूने जाणं, शरीर वर उठणं, या चार अवस्था आधी काढायच्या आणि मग मधली भरायची. लोक दुसरी आणि चौथी अवस्था गाळतात आणि पात्र बर्फावरून घसरत जातं.

तुमची 'बऱ्यापैकी' चित्रकला यासाठी पुरेशी आहे का? सुरुवातीला, हो. काडीमाणूससुद्धा जिवंत चालू शकतो आणि सुंदर रंगवलेला राजपुत्र ओंडक्यासारखा. पुढे अडचण वेगळीच येते. तेच डोकं शंभर वेळा, शंभर बाजूंनी, त्याच आकाराचं काढायचं असतं. त्यासाठी एखादं देखणं चित्र तीन दिवस घोटण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची कच्ची रेखाटनं रोज वीस करा. बसलेली, वाकलेली, वजन उचलणारी माणसं. आणि पात्र ठरवताना कंजूषपणा करा. शर्टाला पाच बटणं काढाल तर सेकंदाला साठ बटणं काढावी लागतील. चौकड्याचा शर्ट घातलेलं पात्र मी एकदाच केलं.

हालचाल समजत नसेल तर स्वतः करून बघा आणि फोनवर चित्रीकरण करा. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि तुम्ही २४ वर काम करताय, तेवढं ध्यानात ठेवून मोजा. पण फ्रेमवर कागद ठेवून जशीच्या तशी गिरवू नका. अमेरिकेतले ॲनिमेटर मॅक्स फ्लायशर यांनी अशा गिरवण्याचं यंत्र शंभर वर्षांपूर्वीच काढलं, तंत्र म्हणून ते आजही वापरात आहे. पण शिकताना गिरवलं तर रेघ मिळते आणि कारण कळत नाही. कुठल्या फ्रेमला टाच टेकली, खांदा किती उशिरा फिरला, हे आकडे टिपून घ्या आणि व्हिडिओ बंद करा.

एवढं झालं की, रोजच्या तासाच्या हिशेबाने चारेक महिने धरा, वहीतली गोष्ट बाहेर काढायची. पूर्ण नाही, तिच्यातला एकच प्रसंग, १५ ते २० सेकंदांचा, पात्र एक. आधी चौकटींत ढोबळ चित्रं काढा, त्यांचे फोटो आवाजावर हव्या त्या वेळाने बसवा. आवाज आधी, तोही फोनवर रेकॉर्ड केलेला चालेल. हा कच्चा आराखडा म्हणजे ॲनिमॅटिक. तो चार जणांना दाखवा आणि काही न बोलता त्यांचे चेहरे बघा. प्रसंग इथे कळला नाही तर रंगवल्यावरही कळणार नाही. ओठांच्या हालचालीत फार अडकू नका. प, ब, भ, म आले की ओठ मिटलेले दिसले पाहिजेत, तेही आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी, बाकी डोळा बरंच माफ करतो.

जे हलत नाही ते वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी वेगळ्या थरावर ठेवा. १९१४ साली अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी डायनासोरचा चित्रपट केला तेव्हा प्रत्येक कागदावर मागचे दगड-झाडंही पुन्हा काढावी लागली होती. त्याच सुमारास अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढायची पद्धत आणली आणि मागचं दृश्य एकदाच काढून भागायला लागलं. आज तुमच्या सॉफ्टवेअरमधला लेयर म्हणजे तेच सेल्युलॉइड आहे. पात्र उभं राहून नुसता हात हलवत असेल तर धड एकदाच काढा.

आणि कितीही मोह झाला तरी सगळा प्रसंग कच्च्या रेघांत पूर्ण होईपर्यंत एकही फ्रेम रंगवू नका. माझी पहिली फिल्म २२ सेकंदांची. पहिले चार सेकंद इतके आवडले की मी ते साफ करून, सावल्यांसकट रंगवून टाकले. तीन आठवडे गेले. पुढचा भाग काढायला बसलो तेव्हा कळलं, की पात्राने सुरुवातीला उजवीकडे बघायला हवं होतं, कारण दार उजवीकडून उघडणार होतं. दाराची जागा बदलायचा प्रयत्न दोन दिवस केला. शेवटी चारही सेकंद काढून टाकले, आणि त्यांच्या जागी जे आलं ते एका संध्याकाळी पेन्सिलने झालं.

पस्तिशीचं राहिलं. स्टुडिओत ज्युनिअर म्हणून लागायचं असेल तर वयापेक्षा तिथला पगार आणि कामाचे तास तुमच्या घरच्या जबाबदाऱ्यांत बसतात का, हा प्रश्न आधी येईल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. हौसेला ती अडचण नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांचं पोतं वर्गात सगळ्यांत उत्तम उडायचं, कारण कागदावर हात ठेवण्याआधी त्या उठून स्वतः दोनदा उडी मारून बघायच्या.